ऊर्जा शिकवायचं सामान: कशावर पैसे घालावेत आणि कशावर अजिबात नाही

नववीचा "कार्य आणि ऊर्जा" शिकवणाऱ्या कुणालाही हे माहीत असेल, पोरं एमजीएच (वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची ह्यांचा गुणाकार, म्हणजे उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा) आणि अर्धा एमव्ही वर्ग (वेगामुळे असलेली गतिज ऊर्जा) झोपेतसुद्धा म्हणून दाखवतात, गणितं पण सुटतात, आणि मग सहज विचारलं की बाबांनो एक ज्यूल, ऊर्जेचं एकक, म्हणजे साधारण किती, काय केल्यावर एक ज्यूल खर्च होतो, की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मी कराडला घरीच आठवी ते दहावीचे क्लास घेते, मराठी आणि सेमी दोन्ही, आणि ह्या एका धड्यापायी मिळेल ते सामान विकत घेऊन बघितलंय. किट, मोटारी, सोलर, मोबाईलवरचं सिम्युलेशन, सगळं. खर्च सगळा माझ्या खिशातला, कुणी फुकट पाठवून "लिहा हो मॅडम" असं सांगितलेलं नाही, तेव्हा जे आहे ते लिहिते.

आधी मी कशावरून बरंवाईट ठरवते ते सांगते म्हणजे पुढचं पटेल. बाजारात ऊर्जेचं म्हणून जे विकतात त्यातल्या बहुतेक वस्तूंमध्ये बटण दाबलं की काहीतरी पेटतं नाहीतर फिरतं. पोरं खूश, फोटो छान येतात, पालकांच्या ग्रुपवर टाकायला बरं. पण दिवा लागला ह्यात ऊर्जा कुठे कळली? घरात रोज पन्नास वेळा लागतोच की दिवा. तो लागण्यासाठी कुणाला तरी कष्ट पडतात, आणि दिवा मोठा केला की कष्ट वाढतात, हे दंडाला कळलं तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम अर्धा तिथंच शिकून होतो. म्हणून माझा प्रश्न एकच असतो: पोराला भार जाणवतो का? जाणवत असेल तर वस्तू चांगली, नाहीतर शोपीस.

ह्या हिशोबाने सगळ्यात वाया गेलेले पैसे म्हणजे तो मोठा रंगीत खोका. कंपनीचं नाव घेत नाही, तसले खोके आता डझनभर मिळतात आणि आतून सगळे भाऊभाऊच. बाहेर लिहिलेलं असतं पन्नास प्रयोग, शंभर प्रयोग, आत निघतो एक बॅटरीचा कप्पा, एक छोटी मोटर, पंख्याचं पातं, दोन एलईडी, एक बझर, टिचकीएवढं सोलर पॅनेल आणि गुळगुळीत कागदाचं पुस्तक. मला आलेल्या खोक्यात पवनचक्की म्हणून जे होतं ती बॅटरीवर फिरत होती. म्हणजे वाऱ्यावर वीज तयार करायच्या ऐवजी वीज घालून वारा, त्याला आपल्याकडे टेबलफॅन म्हणतात! आणि पुस्तकात खाली "पवन ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर" असं लिहिलेलं. एका पोराने ते वाचून विचारलं, "मॅडम, मग सेल कशाला घातलाय ओ?" ह्याच्यावर कंपनीकडे काय उत्तर आहे मला माहीत नाही, मी ईमेल केला होता, "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे" एवढं आलं. दोन हजारात बसलं हे. त्यातली मोटर आणि वायरी काढून घेतल्या, खोक्यात आता खडू आणि डस्टर असतात, झाकण चांगलं घट्ट बसतं एवढं मान्य करते.

आता जे खरंच घ्यावं ते. हाताने फिरवायचा जनरेटर. हँड क्रँक म्हणून सर्च केलं की मिळतो, शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणारे पण देतात, ह्या लाइनीतलं पुष्कळ सामान अंबाल्याहून येतं त्यामुळे नाव कुठलंही असो माल साधारण एकसारखाच. मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा डबा, आत डीसी मोटर आणि गिअर, बाहेर एक दांडी, आणि दोन वायरी ज्यांच्या टोकाला मगरचिमटे. मला एक साडेसातशेला पडला. पारदर्शक डब्याचा मिळाला तर तोच घ्या, आतली दातेरी चाकं फिरताना दिसतात आणि दांडी एक फेरी फिरते तेव्हा मोटर किती फेऱ्या मारते ते पोरं डोळे ताणून मोजायला बघतात.

मी काय करते, तर पहिल्यांदा काहीच न जोडता नुसती दांडी फिरवायला देते. भुर्रकन फिरते, काही वाटत नाही. मग पोराला डोळे मिटायला सांगायचं, फिरवत राहा म्हणायचं, आणि मागून गुपचूप चिमट्यांना टॉर्चचा बल्ब लावायचा. पिवळ्या उजेडाचा, तारेचा जुना बल्ब हवा. ज्या क्षणी चिमटा टेकतो त्या क्षणी पोराचा हात अडखळतो. तो चेहरा बघण्यासारखा असतो. एकाने डोळे न उघडताच ओरडून विचारलं, "कोण धरलंय रे आतनं?" कुणीच धरलेलं नव्हतं. आता चिमटा काढायचा, दांडी परत हलकी. लावायचा, जड. बाकीची पोरं बल्ब बघतात आणि डोळे मिटलेला नुसत्या हाताने सांगतो की आत्ता पेटला, आत्ता विझला, आणि चुकत नाही. पाठ्यपुस्तकातलं दहा ओळींचं वर्णन ह्या दोन मिनिटांत होऊन जातं.

मग पुढे वाढवत न्यायचं. बल्बच्या जागी एलईडी लावला की दांडी जवळजवळ रिकामी असल्यासारखी फिरते आणि तरी उजेड झक्क पडतो. घरातले जुने बल्ब काढून एलईडी का लावले ह्याचं उत्तर पोरं स्वतःच देतात, जाहिरात लागत नाही. दोन बल्ब समांतर जोडले की आणखी जड. तेच दोन बल्ब एकसर जोडले की उलट एका बल्बपेक्षाही हलकं, आणि इथे हमखास भांडण होतं कारण सगळ्यांना वाटतं दोन बल्ब म्हणजे दुप्पट जड. धाराविद्युतचा धडा लगेच पुढे आहेच, रोध वाढला की धारा कमी, धारा कमी तर हाताला त्रास कमी, हे तिथे गेल्यावर परत सांगावं लागत नाही. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही चिमटे एकमेकांना टेकवायचे, मध्ये बल्ब नाही काही नाही. पोरांचा अंदाज असतो की काहीच नाही तर हलकं होईल. होतं सगळ्यात जड. शॉर्टसर्किट म्हणजे काय हे हातानेच कळतं. फक्त हे दोन-चार सेकंदच करा, जास्त वेळ केलं तर मोटर तापते.

दहावीच्या पोरांना "विद्युतधारेचे परिणाम" मध्ये फॅरेडे येतो, १८३१ चा शोध, विद्युत चुंबकीय प्रवर्तन, म्हणजे चुंबक हलवून तारेत धारा तयार करणं, आणि ते सगळं चुंबक आत बाहेर आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा डावीउजवीकडे असं चित्रात बघून पाठ करतात. त्यांना हा डबा देऊन विचारायचं की बल्ब लावल्यावर जड का झालं, कोण अडवतंय. धारा वाहायला लागली की गुंडाळीवर चुंबकाचं बल उलट दिशेने येतं आणि तेच तुझ्या हाताशी कुस्ती खेळतंय. ती कुस्ती झाली नसती तर फुकटात वीज मिळाली असती, आणि फुकटात काही मिळत नाही हाच तर नियम आहे.

जमत असेल तर दोन जनरेटर घ्या. एक कमी पडतो म्हणून नव्हे, दोन एकमेकांना जोडता येतात म्हणून. ह्याचे चिमटे त्याच्या चिमट्यांना, इकडची दांडी फिरवली की तिकडची आपोआप फिरायला लागते, जो जनरेटर होता तोच मोटर झाला. इथे वर्गात आरडाओरडा ठरलेला. मग शांत झाल्यावर मोजायला लावायचं, इकडे दहा फेऱ्या मारल्या तर तिकडे किती? दहा कधीच होत नाहीत. नेहमी कमी. उरलेल्या कुठे गेल्या? गिअरचा खरखर आवाज येतोय तो, वायर आणि मोटर किंचित कोमट होते ती, तिथे गेल्या. मग तिकडची दांडी एकाने घट्ट धरून ठेवायची, की इकडच्याला लगेच जड लागतं. मधे फक्त दोन वायरी आहेत आणि तरी एकमेकांची ताकद कळतेय, पोरं अर्धा तास सोडत नाहीत हे.

आणखी एक छोटी वस्तू ह्याच्या जोडीला घ्या, मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, एक फॅरडचा (फॅरड हे त्याच्या क्षमतेचं एकक), सुपर कपॅसिटर म्हणून मिळतो. जनरेटरला जोडून फिरवायला लागलं की सुरुवातीला एकदम जड, आणि जसजसा भरत जातो तसतसं हलकं. भरला की दांडी सोडून द्यायची. दांडी थांबत नाही, आपोआप फिरत राहते. सोडायच्या आधी पैजा लावायच्या की कुठल्या दिशेने फिरेल. जवळजवळ सगळे उलट म्हणतात, कारण भरलेलं परत येतंय म्हणजे उलटच येणार. येते त्याच दिशेने. का, ते मी सांगत नाही, घरी विचार करून या म्हणते, दुसऱ्या दिवशी कोण ना कोण बरोबर उत्तर घेऊन येतं. एक सावधगिरी मात्र पाळा, कपॅसिटरवर जेवढे व्होल्ट लिहिलेत त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. ५.५ व्होल्टचा असेल तर मल्टिमीटर लावून ठेवा आणि पाचला थांबा, आणि प्लस मायनस बघून जोडा. पाच व्होल्टला एक फॅरड म्हणजे साडेबारा ज्यूल साठले. आणि साडेबारा ज्यूल म्हणजे किती, तर एक किलो साखरेची पिशवी सव्वा मीटरच्या आसपास उचलायची तेवढे. मघाचा एक ज्यूल आता डोळ्यासमोर आला ना!

तक्रारी आहेतच. दांडी बसते तिथला प्लास्टिकचा भाग नाजूक असतो, दांडगी पोरं जोर लावतात आणि चीर जाते, माझ्याकडच्या एकाला फेविक्विक आणि वरून सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं आहे. गिअरचा आवाज पण जोरात येतो, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर विसरा. एलईडी थेट लावून कुणी जोरात फिरवलं तर उडतो, म्हणून धारा आवरणारा ३३० ओहमचा रेझिस्टर सोबत लावूनच द्या. पण ह्या सगळ्यासकट माझ्याकडून पाचपैकी पाच.

साडेसातशे जास्त वाटत असतील, किंवा वर्गात चाळीस पोरं आहेत आणि प्रत्येक गटाला एक हवा असेल, तर बीओ मोटर घ्या. ही पिवळ्या प्लास्टिकची गिअरवाली मोटर, रोबोट करणारी पोरं चाकाला लावतात ती. शंभराच्या आत मिळते. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर ऑनलाइन आहेच. तिच्या पांढऱ्या दांड्याला एखादं चाक दाबून बसवायचं, चाकाच्या कडेला भोक पाडून बोल्ट अडकवला की झाली दांडी. फिरवली की लाल एलईडी आरामात लागतो, कारण त्याला दोनेक व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात म्हणून जरा जोर काढावा लागतो, आणि उलटं फिरवलं की लागतच नाही, हे पण पोरांना आपोआप सापडतं. टॉर्चच्या बल्बचा भार ह्यात जाणवतो पण त्या डब्याइतका स्पष्ट नाही. आणि मोटरच्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्यांना वायर सोल्डर करताना जास्त ओढाताण केली की पट्टीच हातात येते. तरी पण पोराने स्वतः जोडलेली वस्तू असते, घरी घेऊन जातो, आजीला दाखवतो, ह्याची किंमत खोक्यातल्या सामानाला नाही.

आता सिम्युलेशनचं. फेट (PhET) नावाचं जे आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचं, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. २००२ साली कार्ल वाईमन ह्यांनी सुरू केलं, त्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पूर्ण फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतं, फाईल एकदा डाउनलोड करून ठेवली की नेट नसताना पण चालतं, आणि पुष्कळ सिम्युलेशन मराठीत पण आहेत. एवढं सगळं फुकट म्हटल्यावर लोकांना उगाच शंका येते, पण चांगलं आहे ते चांगलंच आहे.

ऊर्जेसाठी त्यात स्केटिंगचं एक आहे. घसरगुंडीसारख्या ट्रॅकवर स्केटबोर्डवाला खालीवर जातो आणि बाजूला स्थितिज, गतिज, उष्णता आणि एकूण अशा दांड्या वरखाली होतात. ह्यात सगळ्यात कामाचं बटण म्हणजे पॉज. पोरं नुसतं खेळत बसतात, ते बसूच दे थोडा वेळ, पण मग तुम्ही फोन हातात घ्या आणि प्रत्येक वेळी आधी विचारा, मग प्ले करा. ह्या उंचीवरून सोडला तर समोरचा उंच डोंगर चढेल का? वजन दुप्पट केलं तर खाली पोचताना वेग वाढेल का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक पोरं हो म्हणतात आणि बघतात तर वेग तेवढाच, दांड्या मात्र दोन्ही मोठ्या झाल्या. वस्तुमान दोन्हीकडे आहे, कटतं, हे वहीत शंभर वेळा केलेलं असतं पण इथे पटतं. चंद्रावर नेऊन सोडायचा, गुरूवर नेऊन सोडायचा. घर्षण शून्य ठेवलं तर बिचारा जन्मभर इकडून तिकडे जात राहतो, थोडं घर्षण दिलं की उष्णतेची दांडी हळूहळू बाकीच्यांना खात जाते आणि शेवटी तो तळाशी थांबतो, एकूण दांडी मात्र जागची हलत नाही. फळ्यावर खडूने हे मला दाखवता आलं नसतं.

दुसरं एक आहे ऊर्जेची रूपं आणि बदल असं, त्यात डावीकडे सूर्य, नळ, चहाची किटली, सायकलस्वार ह्यातलं एक निवडायचं, मध्ये चक्र किंवा सोलर पॅनेल, उजवीकडे बल्ब नाहीतर पाणी तापवायचं भांडं. आणि ऊर्जेचे छोटे छोटे ठोकळे एकातून दुसऱ्यात जाताना दिसतात. ह्यातला सायकलस्वार माझा आवडता आहे, थोडा वेळ पेडल मारून झाले की त्याची शक्ती संपते आणि मला खायला द्या असं बटण येतं. खायला दिल्याशिवाय दिवा लागत नाही. ज्याने हे बनवलं त्याला शिकवणं कळतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, स्क्रीनला वजन नसतं. ह्यात भार जाणवत नाही, अंगठा सरकवायला स्केटबोर्डवाला काय आणि हत्ती काय सारखाच. म्हणून हे मी कधीच पहिलं दाखवत नाही. आधी दांडी फिरवून हात दुखू देत, मग स्क्रीन. उलट्या क्रमाने केलं की पोरांना सगळं गेम वाटतं आणि दांडी फिरवायला कंटाळतात, माझ्याकडच्या दोन बॅचमध्ये हा फरक चक्क दिसतो.

अरविंद गुप्ता ह्यांची वेबसाइट नसेल बघितली तर आजच बघा. आयआयटी कानपूरला शिकलेले, पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पुष्कळ वर्षं काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. टाकाऊ सामानातून खेळणी, शेकडो, व्हिडिओ मराठीत पण आहेत आणि सगळं फुकट. त्यातली साधी मोटर आमच्याकडे दरवर्षी होते: एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना, एक रबर आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. चुंबक जुन्या स्पीकरमधून निघतो, तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मागितली की तो मूठभर तशीच देतो. सगळी गंमत तारेच्या टोकांवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, खरवडण्यात आहे, एक टोक पूर्ण, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने, नाहीतर गुंडाळी नुसती थरथरते आणि फिरत नाही. खोक्यातल्या तयार मोटरपेक्षा ही शंभरपट बरी, कारण फिरली नाही तर का फिरली नाही हे शोधावं लागतं. ब्लेड मात्र पोरांच्या हातात देऊ नका, पॉलिश पेपर द्या.

सोलरचं थोडक्यात सांगते. छोटं पॅनेल घ्यायला हरकत नाही, पण खोलीत ट्यूबलाइटखाली धरून "चालत नाही" म्हणू नका, बाहेर न्या. भर दुपारी स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट पडतात, म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरच्या पॅनेलवर दहा वॉट, त्यातले दीड-दोन वॉट वीज म्हणून मिळाले तर भरपूर. हा हिशोब पोरांकडूनच करून घ्या, नाहीतर त्यांना वाटतं तेवढ्या तुकड्यावर फ्रिज चालेल. अर्ध्या पॅनेलवर हात धरला की वीज अर्धी होत नाही, धाडकन खाली येते, हे पण दाखवा. भार काही जाणवत नाही ह्यात, सूर्याच्या हाताला जाणवत असेल तर माहीत नाही. पाचपैकी तीन.

आता ज्याला काहीच पैसे लागत नाहीत ते. जिना, वजनकाटा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. आमच्या समोरच्या बिल्डिंगचा जिना तीन मजले, धरा दहा मीटर. पन्नास किलोचं पोर वर गेलं की एमजीएच, ४९०० ज्यूल. पंधरा सेकंदात धावत गेला तर सव्वातीनशे वॉट. घरचा मिक्सर पाचशेचा असतो म्हटल्यावर पैलवान एकदम नरमतात. मग वीजबिल काढायचं आणि युनिट म्हणजे काय ते विचारायचं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागून बघा, त्या पोराला तो जिना ७३५ वेळा चढावा लागेल, तेव्हा एक युनिट. आणि हाताच्या जनरेटरने? त्यातून तीन वॉट निघतात धरलं तर ३३३ तास, म्हणजे न झोपता न जेवता जवळजवळ चौदा दिवस दांडी फिरवायची. एवढ्या एका युनिटचे आपण बिलात थोडेसे रुपये भरतो. हे गणित झाल्यावर वर्गातून बाहेर पडताना पंखा बंद करायला कुणाला सांगावं लागलं नाही, निदान त्या आठवड्यात तरी.

आणि आमच्या भागातल्या लोकांनी कोयना सोडूच नये. पावसाळ्यात प्रत्येक घरात चर्चा एकच, कोयनेत किती टीएमसी झालं. पोरं तो शब्द लहानपणापासून ऐकतात. धरण १०५ टीएमसीचं आहे हे पाठ असतं, टीएमसी म्हणजे काय ते विचारलं तर गप्प. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८ कोटी घनमीटर. आता गंमत अशी की बहुतेक वीज धरणाच्या पायथ्याला होतच नाही. पायथ्याला फक्त ४० मेगावॉट. बाकीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पलीकडे कोकणात चिपळूणच्या बाजूला नेलंय, पोफळीला, आणि सगळे टप्पे धरून प्रकल्प १९६० मेगावॉटचा आहे. एवढा डोंगर कशाला फोडला, हा प्रश्न वर्गात टाका आणि गप्प बसा. उत्तर एमजीएच मधल्या एच मध्ये आहे. पलीकडे पाणी साडेचारशे मीटरपेक्षा जास्त खाली पडतं.

मग हिशोब. गच्चीवरची हजार लिटरची टाकी, दहा मीटर उंच, तिच्यात ९८ हजार ज्यूल. दहा वॉटचा एलईडी पावणेतीन तास, बस्स. अख्खी टाकी रिकामी करून! तेच हजार लिटर साडेचारशे मीटरवरून सोडलं तर ४४ लाख ज्यूल, सव्वा युनिट. आणि असं एक टीएमसी सोडलं तर, तोटा सोडून देऊ, साधारण साडेतीन कोटी युनिट. हे फळ्यावर पोरांनी स्वतः काढलं, शून्य मोजताना दोनदा भांडण झालं, आणि मग दहावीच्या दुसऱ्या भागातला "हरित ऊर्जेच्या दिशेने" हा धडा, ज्याला सगळे कंटाळवाणा म्हणतात, तो एका तासात झाला.

नवीन सुरुवात करणाऱ्यांनी माझं ऐकायचं तर एक हाताचा जनरेटर, पाच-सहा बीओ मोटारी, मूठभर एलईडी आणि रेझिस्टर, एक साधा मल्टिमीटर आणि एक फॅरडचा कपॅसिटर एवढंच घ्या. खोक्यापेक्षा स्वस्तात बसतं आणि वर्षानुवर्षं चालतं. फेट फोनवर आहेच.

अडचण एकच आहे आणि ती मोठी होत चाललीय. टॉर्चचे तारेचे बल्ब, अडीच व्होल्टवाले, पूर्वी कुठल्याही किराणा दुकानात दोन-पाच रुपयाला मिळायचे, आता दुकानदार मान वर करून बघत पण नाही, सगळं एलईडी झालंय. भार दाखवायला एलईडी चालत नाही आणि माझ्याकडचे बल्ब संपत आलेत. सातारा, सांगली, कोल्हापूर कुठेही अजून मिळत असतील तर दुकान कुठलं ते खाली कळवा, मी पूर्ण डबाच घेऊन ठेवणार आहे.